व्हायोलिनमधली गारपीट : शब्द नसलेलं संगीत गोष्ट कशी सांगतं?

२०२५ मध्ये संगीताच्या एका छापील संचाला ३०० वर्षं झाली. १७२५ मध्ये तो अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. लिहिणारा होता इटलीतल्या व्हेनिस शहराचा अंतोनियो विवाल्दी. हा धर्मगुरू होता आणि अनाथ मुलींच्या एका संस्थेत संगीत शिकवायचा. त्या संचातल्या पहिल्या चार रचना म्हणजे ‘चार ऋतू’. जाहिरातीत, लग्नाच्या व्हिडिओत, फोनवर थांबायला सांगतात तेव्हाच्या धुनीत त्यांचे तुकडे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकले आहेत.

पण आमच्याकडे, वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यातल्या एखाद्या गावात, कुणाला ‘हा घ्या उन्हाळा’ म्हणून त्यातली दुसरी रचना ऐकवली तर प्रश्न ठरलेला असतो : “याच्यात उन्हाया कोठी हाय भाऊ?”

प्रश्न रास्त आहे. गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत, पडद्यावर चित्र नाही. नुसती व्हायोलिनं वाजताहेत. मग ऊन आलं कुठून?

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहितो आहे. हे संगीत कळायला इंग्रजी लागत नाही, पियानोचा क्लास लागत नाही आणि मुंबईचं सभागृहही लागत नाही. वावरात वाढलेल्या माणसाकडे त्यासाठी लागणारं पुष्कळसं सामान आधीच असतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी दोन नावं

फक्त वाद्यांवर वाजणारं, पण एखादी गोष्ट, दृश्य किंवा कल्पना ऐकणाऱ्यापुढे उभी करायची म्हणून मुद्दाम रचलेलं संगीत, याला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात ‘प्रोग्रॅम म्युझिक’ म्हणतात. मी इथं त्याला वर्णनसंगीत म्हणतो. अशा रचनेला नाव असतं, कधी जोडीला कविता किंवा छापलेलं पानभर निवेदनही असतं.

याच्या उलट आहे निव्वळ संगीत. टायटन घड्याळाच्या जाहिरातीतली धून आठवा. ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतली. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची लांब रचना. मोझार्टनं ती १७७३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी लिहिली. तिला नुसता क्रमांक आहे. त्या धुनीत घड्याळ नाही, वेळ नाही, कुठला प्रसंग नाही. घड्याळ आपण नंतर जाहिरात बघून तिला जोडलं. तसं संगीतही सुंदर असतं. पण आपला विषय पहिल्या जातीचा आहे.

कोण ते नाही, कसं ते

वाद्याला नाव घेता येत नाही. व्हायोलिनला ‘बैल’ म्हणता येणार नाही, बैलाचा रंग दाखवता येणार नाही, तो कुणाच्या दावणीचा हेही सांगता येणार नाही. पण जे चाललं आहे ते जड आहे की हलकं, जवळ येतंय की लांब जातंय, एका चालीत आहे की अडखळतंय, थकलंय की उधळलंय, हे सगळं सुरांना सांगता येतं, आणि शब्दांपेक्षा लवकर सांगता येतं. मोठा आवाज जवळचा, बारीक आवाज लांबचा. खोल सूर मोठ्या अंगाचा, पातळ सूर लहान जिवाचा. म्हैस आणि चिमणी यांचे आवाज ऐकत वाढलेल्या कानाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

कोण आहे ते वाद्याला सांगता येत नाही, कसं आहे ते सांगता येतं. वर्णनसंगीताची सगळी करामत याच्यात आहे.

काही गोष्टी मात्र थेट आवाजानंच ओळखू येतात, कारण त्या मुळातच आवाज आहेत : ढगांचा गडगडाट, कुत्र्याचं भुंकणं, पाखरांची बोली. विवाल्दीच्या ‘वसंत’मध्ये दुसऱ्या भागात एक गुराखी झाडाखाली झोपलाय. एक व्हायोलिन त्याच्या झोपेचा संथ सूर धरतं, बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ करतात आणि व्हायोला हे थोडं मोठं, जाड आवाजाचं वाद्य मधूनमधून दोन-दोन सूर मारत राहतं. तो त्याचा कुत्रा. विवाल्दीनं तिथं वाजवणाऱ्यांसाठी सूचनाच लिहून ठेवली आहे, की हे नेहमी खूप जोरात आणि झटक्यानं वाजवायचं. अनेक वादक भिडस्तपणे तो कुत्रा हळू भुंकवतात. मला ते पटत नाही. राखणीचा कुत्रा हळू भुंकत नसतो.

पाखरांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. युरोपच्या संगीतात जागोजागी येणारा ‘कक्कू’ म्हणजे आपला कोकीळ नव्हे. आपल्या कोकिळेचा सूर वर चढत जातो. त्यांच्या कक्कूचे दोनच सूर, आणि दुसरा खाली उतरतो. म्हणून ‘हा कोकीळ’ असं कुणी सांगितलं तर आपला कान नाही म्हणतो, आणि आपल्या कानाचं बरोबर असतं.

आणखी एक वाट आहे, सवयीची. वरातीतलं डफडं आणि अंत्ययात्रेतलं डफडं दोन्ही दुरून ऐकू आलं तरी घरात बसल्या बसल्या आपल्याला कळतं, काय चाललंय. सनई ऐकली की मांडव आठवतो. ठेक्यात किंवा सनईच्या नळीत मांडव नसतो. पिढ्यान् पिढ्या तसं ऐकत आल्यानं तो तिथं जाऊन बसला. युरोपात हॉर्न या पितळी वाद्याचं असंच आहे. शिकारीला निघालेले लोक ते रानात फुंकायचे, म्हणून वाद्यवृंदात हॉर्न घुमला की तिकडच्या माणसाला रान आणि शिकार दिसते. आपल्याला दिसणार नाही, आणि त्यात आपल्या समजुतीचा काही दोष नाही. ते एकदा कुणी सांगितलं की पुढच्या वेळी दिसतं.

राहिलं नाव. रचनेच्या नावाचं काम एस.टी.च्या समोरच्या पाटीसारखं आहे. गाडी कुठं चालली ते पाटी सांगते, पण आपल्याला तिथं पोचवतात ती चाकं. पाटी नसेल तर माणूस चढायला कचरतो. नुसती पाटी असेल आणि गाडी हललीच नाही, तरी काही उपयोग नाही.

विवाल्दीचा उन्हाळा, सावकाश

आता मूळ प्रश्नाकडे. उन्हाळा कुठं आहे?

विवाल्दीनं चारही ऋतूंबरोबर एकेक चौदा ओळींची कविता छापली, आणि कवितेतली कुठली ओळ संगीतात नेमकी कुठं येते ते अक्षरांच्या खुणांनी दाखवलं. त्यामुळे इथं आपल्याला अंदाज करत बसावं लागत नाही.

‘उन्हाळा’ ऐकायला लागताच पहिलं जाणवतं ते हे की संगीत धड सुरूच होत नाही. दोन-तीन सुरांचे तुकडे येतात, थांबतात, पुन्हा येतात, आणि प्रत्येक तुकडा खाली उतरतो. विवाल्दीनं तिथं लिहिलंय : उन्हानं आलेली ग्लानी. कवितेत माणसं आणि कळप तापत्या सूर्याखाली कोमेजले आहेत. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर दुपारी दोन वाजता कुणी एका दमात लांब वाक्य बोलत नाही. बाजेवर पडल्या पडल्या दोन शब्द, मग गप्प. त्या संगीताची चाल तीच आहे. ऊन दाखवता येत नाही, म्हणून त्यानं उन्हानं माणसाचं काय होतं ते दाखवलं.

मग एकटं व्हायोलिन झपाट्यानं सुटतं. त्यात कक्कू आहे, पुढे होला येतो, आणखी एक लहान पाखरू येतं. मंद वारा सुटतो आणि बरं वाटायला लागतं, इतक्यात उत्तरेचा वारा त्याच्यावर तुटून पडतो. इथून पुढचा तुकडा मला या सगळ्या रचनेत सर्वांत जवळचा वाटतो. बाकी सगळी वाद्यं मागे सरतात आणि एकटं व्हायोलिन रडायला लागतं. विवाल्दीनं वर लिहिलंय : शेतकऱ्याच्या पोराचं रडणं. वादळ अजून आलेलं नाही. ते येणार, एवढंच त्याला कळलंय. आभाळ उत्तरेकडून काळं होताना धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो, तो ३०० वर्षांपूर्वी एका व्हेनिसच्या माणसानं सुरांत लिहून ठेवला.

दुसरा भाग लहान आहे. तो पोरगा थकून पडलाय, पण झोप येत नाही. वरचं व्हायोलिन संथ, आणि खाली बाकीची व्हायोलिनं एकच बारीक चाळा करत राहतात. त्या माश्या आणि चिलटं. मध्येच सगळी वाद्यं एका सुरावर एकवटून तोच सूर भरभर घासतात. ते दूरचं गडगडणं. पुन्हा माश्या, पुन्हा गडगडाट.

तिसऱ्या भागात ते कोसळतं. लक्षात घ्या, इथं ढोल नाही, नगारा नाही, पत्रा वाजवणारं कुणी नाही. फक्त तारांची वाद्यं आणि एक हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातलं कळपट्टीचं वाद्य. तेवढ्यावर वादळ उभं करायचं. एकच सूर गजानं इतक्या वेगानं घासायचा की तो सूर न राहता थरथर होतो, आणि मग वरून खालपर्यंत सरसर घसरत यायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली. कवितेची शेवटची ओळ सांगते की गारा गव्हाच्या ताठ ओंब्यांची मुंडकी उडवतात. त्या पोराची भीती खरी ठरली, असं कविता स्पष्ट म्हणते. रचना तिथंच संपते. नंतर ऊन पडत नाही, कुणी धीर देत नाही.

उन्हाळ्यात गव्हावर गारा कशा, असं आपल्याला वाटेल. तिकडचा गहू उन्हाळ्यात पिकतो, आपला माघ-फाल्गुनात. महिना वेगळा, प्रसंग तोच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, उभा गहू, हरभरा आणि संत्र्याची झाडं झोडपली जाताना ज्यांनी बघितली, त्यांना या तिसऱ्या भागातलं काही समजावून सांगायची गरज नाही. मोठ्या शहरांत हे तीन मिनिटांचं वादळ ‘जोशपूर्ण’ म्हणून वाजतं, व्यायामाच्या व्हिडिओंनाही जोडलं जातं. ज्याचं पीक कधी गेलेलं नाही त्याला ते जोशपूर्ण वाटणं साहजिक आहे. तुम्ही ते ऐका आणि स्वतः ठरवा.

बैलबंडीचं संगीत

दुसरं उदाहरण रशियातलं. व्हिक्टर हार्टमान नावाचा चित्रकार आणि वास्तुकार १८७३ मध्ये अकाली गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. त्याचा मित्र मोदेस्त मुसोर्गस्की ते बघून आला आणि १८७४ मध्ये त्यानं पियानोसाठी ‘प्रदर्शनातली चित्रं’ ही रचना लिहिली. दहा चित्रांचे दहा तुकडे, आणि अधूनमधून एका चित्रापासून दुसऱ्याकडे चालत जाण्याची धून. तो चालणारा माणूस मुसोर्गस्की स्वतः आहे.

त्यातलं एक चित्र पोलंडमधल्या बैलबंडीचं. मोठाल्या चाकांची बंडी. हार्टमानचं ते मूळ चित्र आज सापडत नाही. बंडी उरली ती संगीतातच.

ही बंडी केली कशी? त्यात घुंगरू नाहीत, चाकाची कुरकुर नाही, हंबरणंही नाही. डावा हात पियानोच्या अगदी खालच्या टोकाकडे दोन जाड स्वरगुच्छ आळीपाळीनं दाबत राहतो. एक, दोन, एक, दोन. घाई नाही, खंड नाही. त्याच्यावर एक उदास, लोकगीतासारखी धून चालते, तीही लांब उडी न मारता जवळजवळच्या सुरांत घोटाळत. ज्यानं भरली बंडी हाकली आहे त्याला ते वजन लगेच कळेल. कापसाची बोंदरी लादलेली बंडी चिखलातून निघताना बैलाचा प्रत्येक पाय पडतो आणि उचलतो, त्या पडण्या-उचलण्याच्या मधली ओढ त्या डाव्या हातात आहे.

या तुकड्याची एक हकिकत मला फार मोलाची वाटते. मुसोर्गस्कीनं मूळ हस्तलिखितात तो पहिल्या सुरापासूनच खूप जोरात लिहिला. म्हणजे बंडी एकदम समोर उभी, आणि मग लांब जाते. तो १८८१ मध्ये वारला. १८८६ मध्ये रचना छापायची वेळ आली तेव्हा रिम्स्की-कोर्साकोव्ह या त्याच्या मित्रानं सुधारणा म्हणून सुरुवात हळू केली. बंडी दुरून येते, जवळून जाते, दिसेनाशी होते. पुढे १९२२ मध्ये मॉरिस राव्हेल या फ्रेंच संगीतकारानं ही रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी मांडली, ती छापील प्रतीवरून. त्यानं बंडीची धून ट्यूबाला दिली. पितळी वाद्यांमधलं हे सगळ्यात मोठं आणि खोल आवाजाचं वाद्य. आज जगभर बहुतेक लोक राव्हेलची, दुरून येणारी बंडी ऐकतात.

सूर तेच, धून तीच. फक्त सुरुवातीचा आवाज लहान-मोठा केला, तर ऐकणाऱ्याची जागा बदलली. एका मांडणीत तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून वाट बघताय. दुसरीत मान वर करता तर बंडी अंगावर आलेली. दोन्ही मांडण्या मोबाइलवर मिळतात, एकेक जेमतेम तीन मिनिटांची आहे. पियानोवरची मूळ आणि वाद्यवृंदाची, पाठोपाठ ऐका. मला मूळची जास्त खरी वाटते. तिच्यात बैलांचे कष्ट आहेत, देखावा कमी आहे.

लांबलचक गोष्ट असेल तर?

एक प्रसंग ठीक, पण सबंध कथा वाद्यांवर कशी चालेल? त्यासाठी पात्राला एक धून नेमून देतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर बघणाऱ्यांना हे सांगायला नको. खलनायक मंचावर यायच्या आधीच वाजवणाऱ्यांचे सूर बदलतात आणि मांडवाला कळतं, कोण येतंय.

फ्रान्सच्या एक्तोर बर्लियोझनं ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसमध्ये आपली ‘फँटास्टिक सिंफनी’ सादर केली. एका प्रेमवेड्या तरुणाची पाच भागांची गोष्ट, आणि ती छापून श्रोत्यांना वाटली होती. प्रेयसीची एक धून पाचही भागांत येते, पण दर वेळी वेगळ्या रूपात. नाचाच्या भागात ती गिरकी घेते. चौथ्या भागात, स्वप्नात त्या तरुणाला वधस्तंभाकडे नेतात, शेवटच्या क्षणी क्लॅरिनेट या फुंकून वाजवायच्या एकट्या वाद्यावर ती धून अर्धी येते आणि सगळ्या वाद्यवृंदाच्या एका दणक्यानं तुटते. पाचव्यात तीच धून चेटकिणींच्या मेळ्यात वेडीवाकडी होऊन नाचते. धून ओळखीची राहते म्हणून तिचं बदलणं कळतं, आणि गोष्ट पुढे सरकते ती त्या बदलण्यानं.

नदीची गोष्टही सांगता येते. बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकारानं १८७४ च्या अखेरीस व्ल्तावा नदीवर रचना लिहिली. दोन झरे बासरी आणि क्लॅरिनेट या दोन वाद्यांवर निघतात, एकत्र येतात, नदी होते. मग ती शिकारीच्या रानातून, एका खेड्यातल्या लग्नाशेजारून, चांदण्यातून, खडकाळ उतारावरून प्राग शहरापर्यंत जाते. सगळा प्रवास सुमारे बारा मिनिटांत. हे लिहिताना स्मेतानाला ऐकू येणं पूर्ण बंद झालं होतं.

“नाव सांगितलं म्हणून दिसतं, नाहीतर काय कळणार?”

हा आक्षेप गावातला माणूस घेतो, आणि पंडितांनीही घेतला आहे. व्हिएन्नाचा समीक्षक एदुआर्द हान्सलिक यानं १८५४ मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : संगीताचं सौंदर्य सुरांच्या हलत्या रचनेतच असतं, बाहेरची गोष्ट किंवा भावना हा त्याचा ऐवज नाही.

नावाशिवाय ‘बैलबंडी’ कळणार नाही, हे मान्य. पण एक करून पाहा. घरातल्या पोरांना नाव न सांगता तो तुकडा ऐकवा आणि विचारा, काय वाटतं. बंडी म्हणणार नाहीत. हत्ती म्हणतील, ट्रॅक्टर म्हणतील, कुणाची तरी मयत म्हणतील. फुलपाखरू कुणी म्हणणार नाही. सुरांनी शक्यतांचा घेर एवढा लहान केलेला असतो. त्या घेरातली नेमकी एक जागा नाव दाखवतं. नाव खोटं दिलं, समजा त्याच तुकड्याला ‘पाडसाची उडी’ म्हटलं, तर ऐकणारा हसेल. म्हणजे सुरांत काहीतरी होतं, ज्यानं त्या नावाला नकार दिला.

हान्सलिकचं एक मात्र मी मनापासून मानतो. नाव काढून घेतल्यावर जी रचना ऐकवत नाही, तिला नाव वाचवू शकत नाही. खुद्द रिम्स्की-कोर्साकोव्हलाही हे डाचलं असावं. अरबी कथांवरच्या १८८८ च्या ‘शेहेराझाद’ या रचनेच्या भागांना त्यानं दिलेली नावं नंतर त्यानंच काढून टाकली. ऐकणाऱ्याला वाट दाखवावी, पण हाताला धरून ओढू नये, अशी त्याची इच्छा होती.

“ही तर नक्कल झाली”

पाखराचा आवाज काढणं म्हणजे कला का? बेथोव्हेनला हा आक्षेप आधीच ठाऊक होता. २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात त्यानं सहावी सिंफनी पहिल्यांदा ऐकवली. हिचं नाव ‘पास्टोरल’, म्हणजे खेड्यापाड्याची. पाच भाग : गावाकडे आल्यावर मन उल्हसित होणं, ओढ्याकाठी, गावकऱ्यांचा मेळा, वादळ, आणि वादळानंतर मेंढपाळाचं गाणं. पण त्यानं सोबत स्पष्ट लिहिलं, की हे चित्र काढण्यापेक्षा भावनेचं प्रकटीकरण जास्त आहे. ओढ्याकाठच्या भागाच्या शेवटी बासरी, ओबो आणि क्लॅरिनेट ही फुंकून वाजवायची वाद्यं मिळून तीन पाखरं बोलतात, ती अगदी थोडा वेळ. त्याआधी दहा-बारा मिनिटं फक्त पाणी वाहतंय आणि कुणीतरी काठावर निवांत बसलंय. नकलेची जागा तेवढीच.

आर्थर होनेगर या संगीतकारानं १९२३ मध्ये वाफेच्या आगगाडीच्या इंजिनावर ‘पॅसिफिक २३१’ लिहिलं. आपल्याकडे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर चालली. तिचं सुटणं ज्यांच्या कानांत आहे त्यांनी हे जरूर ऐकावं. होनेगरनं एक अफलातून युक्ती केली. रचनेचा ठेका पुढे पुढे मंद होत जातो, पण एका ठेक्यात बसणारे सूर वाढत जातात. आधी एक, मग दोन, तीन, चार. कानाला वाटतं गाडी वेग घेतेय. हे भोंग्याची नक्कल करून साधत नाही. वेग म्हणजे काय, हे त्यानं उलगडून बघितलं होतं.

“आपल्या रागांत ऋतू आहेतच की”

आहेत, आणि तिथंच फरक समजून घेण्याजोगा आहे. मियाँ मल्हार या पावसाळी रागात कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद, म्हणजे ‘नी’ हे सूर, जसे डोलतात, त्यात ऐकणाऱ्यांना भरून आलेलं आभाळ जाणवतं. पण कलाकार ‘आता वीज चमकली, आता ओढ्याला पूर आला’ अशा क्रमानं काही सांगत नाही. पावसाळा हा तिथं मुक्कामाचा भाव असतो. त्यात राहायचं, तो हळूहळू उलगडायचा. विवाल्दीच्या उन्हाळ्यात घटना घडतात, एकीमागून एक, आणि शेवटी पीक जातं. दोन्ही वाटा थोर आहेत, एकीला दुसरीच्या मापानं मोजू नये.

आपल्याकडे क्रमवार सांगण्याचाही प्रयत्न झालाय. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार मिळून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा पहाटेपासूनचा दिवस, त्या त्या वेळेच्या रागांतून. रागाची वेळ या आपल्या जुन्या कल्पनेनंच इथं घड्याळाचं काम केलं, त्यामुळे हे उसनं वाटत नाही. झाकीर हुसेन एकट्या तबल्यावर शंकराचा डमरू आणि शंख ऐकवायचे, तेही याच जातीचं.

गावात ऐकायचं कसं

सगळ्यात मोठी अडचण फोनच्या स्पीकरची आहे. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खोल सूर निघतच नाहीत. राव्हेलची बंडी अगदी हळू आणि अगदी खाली सुरू होते. फोन हातात धरून ऐकाल तर पहिला अर्धा मिनिट काहीच ऐकू येणार नाही आणि वाटेल, व्हिडिओ बिघडलाय. साधे इअरफोन पुरतात. भजनी मंडळाचा मोठा स्पीकर मिळाला तर उत्तमच, पण आवाज पहिल्या हळू सुरांवरून लावू नका, नाहीतर पुढे बंडी समोर आली की खिडक्या वाजतील.

सुरुवात बंडीपासून करा. मग विवाल्दीचा ‘उन्हाळा’, सुमारे दहा मिनिटं, शक्यतो वर दिलेला क्रम मनात ठेवून. मग नदी. बर्लियोझला तासाहून थोडी कमी सवड लागते, बेथोव्हेनच्या सहावीला चाळीसेक मिनिटं. ती मात्र तुकड्यांत ऐकू नका. वादळ चौथ्या भागात येतं आणि न थांबता पाचव्यात विरतं. मधला तो सांधा तोडला तर मेंढपाळाच्या गाण्यातला सुटकेचा श्वास हाती लागत नाही.

शाळेत शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पोरांना आधी नाव सांगू नका. आधी ऐकवा, त्यांना बोलू द्या, मग नाव सांगा आणि पुन्हा ऐकवा. दुसऱ्या वेळी ती काय वेगळं ऐकतात ते वहीत लिहून घ्या.

आणि झाडीपट्टीच्या मंचाखाली बसून रात्र-रात्र वाजवणाऱ्या, लग्नाच्या बँडमध्ये फुंकणाऱ्या पोरांसाठी एक काम. वैनगंगा मध्य प्रदेशातून निघते, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या अंगानं वाहते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. तिच्या काठाला लग्नं आहेत, धानाचे बांध आहेत, पूर आहे, गोसीखुर्दचं अडलेलं पाणी आहे. ऑर्गन, डफडं, बासरी आणि एक पितळी वाद्य एवढ्यावर तिची बारा मिनिटं बसवता येतील. कुठल्या वाद्याला धरण द्यायचं, इथून सुरुवात करा.